गच्चीवरचे बागाईतदार

बँकेतून निवृत्त झालेल्या पुणेकरापुढे ज्येष्ठ नागरिक संघ किंवा गच्ची असे दोनच मार्ग उरतात. बापूंनी गच्ची घेतली. 'कुंड्यांमुळे गच्ची गळेल' अशी तक्रार सोसायटीच्या सभेत आली, तेव्हा 'ती गळतेच आहे, निदान भाजी तरी येऊ द्या' म्हणून त्यांनी ती उडवून लावली. तेव्हापासून ऑइलपेंटचे रिकामे डबे, फुटकी बादली आणि नातवाचा जुना टब यांत त्यांची शेती चालते.

बापू एकटे नाहीत. आसपासच्या गच्च्यांवर त्यांचे जातभाई आहेत आणि संध्याकाळी कठड्याशी उभं राहून ते एकमेकांशी ओरडून बोलतात. या जमातीत माणसाचा अधिकार त्याने किती झाडं मारली यावर ठरतो. ज्याची मिरची अजून तजेलदार आहे त्याला कोणी विचारत नाही. पानं आकसली, चुरडामुरडा झाला, झाड उपटून टाकावं लागलं, की मग त्याला सन्मानाने चहाला बोलावतात.

सल्ल्यांना तोटा नाही. धने पेरण्याआधी चपलेखाली रगडावेत की लाटण्याखाली, यावरून इथे दोन तट आहेत. धन्याचे दोन भाग झाल्याशी मतलब, पण तसं म्हणणारा दोन्हीकडून शिव्या खातो. चवळीवर मावा पडला तेव्हा एकाने तंबाखूचं पाणी सांगितलं, दुसऱ्याने निंबोळी अर्क, तिसऱ्याने आंबट ताक. बापूंनी कोणाचंच मन न मोडता एकाच रविवारी तिन्ही फवारलं. मावा गेला. चवळीही गेली. कशाने, ते मात्र कळायचं राहिलं.

ते कळायचं तर नोंदी हव्यात. श्री. अ. दाभोलकर मूळचे गणिताचे, पण त्यांनी शेतकऱ्यांचा 'प्रयोग परिवार' उभा केला. शेतकऱ्याने स्वतः करून पाहावं, टिपून ठेवावं आणि दुसऱ्याला सांगावं, अशी ती रीत. बापूंना यातलं टिपणं आणि सांगणं विशेष भावलं. त्यांच्या डायरीतली नोंद अशी: '१४ जून, कारलं लावलं. २ जुलै, कारलं गेलं. कारण: पलीकडच्या इमारतीतले गृहस्थ.'

खरी परीक्षा टोमॅटोने पाहिली. फळं धरली, पण बुडाशी काळी पडू लागली. 'कॅल्शियम कमी, अंड्याची टरफलं घाला,' असा निकाल कठड्यावरून आला. जन्मात अंड्याला हात न लावलेले बापू रात्री भुर्जीच्या गाडीवर पिशवी घेऊन उभे राहिले. गाडीवाल्याने 'हाफफ्राय?' विचारलं, तेव्हा हे इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाले, 'फक्त टरफलं.' टरफलं मातीत कुजून झाडाला मिळायला कित्येक महिने लागतात, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी टाकी बघायला वर आलेल्या वॉचमनने, हा औसा तालुक्यातला, मातीत बोट खुपसलं. 'एक दिस पूर, चार दिस दुष्काळ. झाडानं करावं काय, काका?' पाण्याचा नेम नसला की असलेलं कॅल्शियमही फळापर्यंत पोचत नाही, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. ते वाक्य बापूंनी पुढे आठवडाभर कठड्यावरून स्वतःचं म्हणून ऐकवलं. बोलीसकट.

यंदा दुधी. त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, म्हणून दिवेलागणीला काकू देवापाशी आणि बापू वेलापाशी. नर फूल खुडून ते मादी फुलावर अशा हळुवारपणे टेकवतात की लग्नात अंतरपाट धरणारे भटजीही इतके गंभीर नसतील. एक दुधी धरला. काकूंनी कोफ्त्यांचा बेत केला. बापूंनी मोडता घातला, कारण 'तो बियाण्याचा आहे'. दुधी वेलावरच वाळला आणि घरात मंडईतल्या दुधीचे कोफ्ते झाले.

परवा लिफ्टमध्ये मलाही पुडी मिळाली. वर्तमानपत्राच्या कागदात सहा बिया. 'पाणी बेताने घाला,' बापू म्हणाले. बेताने म्हणजे किती, असं मी विचारलं. 'ते एक-दोन वेल मेले की आपोआप कळतं,' म्हणाले, आणि चौथ्या मजल्यावरच्या वहिनींची पुडी खिशात चाचपत बाहेर पडले.