प्रणयेच्छुकांसाठी सवाईच्या सूचना

एखाद्या व्यक्तीला आपण आवडतो की नाही, याचा छडा लावायला पुण्यात फार जागा नाहीत. सिंहगडावर नेलं तर गाल लाजेने लाल झालेत की चढाने, ते ठरवता येत नाही. हॉटेलात नेलं तर शेजारच्या टेबलावरची मंडळी आपलं बिल आपल्याआधी वाचून काढतात. नाटकाचा पर्याय बरा, पण मध्यंतरात नाटकाविषयी मत द्यावं लागतं आणि मतं जुळली नाहीत तर दुसरा अंक फार लांबतो. तेव्हा सुज्ञांनी डिसेंबरपर्यंत कळ काढावी आणि सवाईची दोन तिकिटं काढावीत.

औचित्याची शंका येईल, तिचा आधी निकाल लावू. शास्त्रीय संगीताचा हा महोत्सव पंडित भीमसेन जोशींनी 1953 साली सुरू केला तो आपले गुरू रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, यांच्या पुण्यतिथीनिमित्त. पुण्यतिथीच्या कार्यक्रमाला हृदयं जुळवायला जावं का? खुशाल जावं. जे गाणं तिथे होतं त्यातल्या निम्म्याअधिक बंदिशी सजण परगावी गेल्याच्या, सासू-नणंद जाग्या असल्याच्या आणि पैंजण वाजत असल्याच्या आहेत. गंभीर चेहऱ्याचे ज्येष्ठ नागरिक त्यांना माना डोलावतात. आपण तर त्या मानाने बरेच सभ्य हेतू घेऊन आलेले असतो.

शिवाय सवाईचा मोठा गुण असा की तिथे बोलता येत नाही. पहिल्या भेटीत माणूस जे काही बिघडवतो ते बहुतेक वेळा तोंड उघडून. इथे चार-पाच तास शेजारी बसायचं आणि तोंड मिटून बसायचं. आपल्यापाशी बोलण्यासारखं काही नाही हे समोरच्याला कळतच नाही. उलट हा मनुष्य अंतर्मुख आहे असा समज पसरतो. नोकरी, पगार, फ्लॅट कुठे घेतला, हे सगळे प्रश्न तानपुऱ्याखाली दबून जातात.

आता बैठक. खुर्चीचं तिकीट काढलं तर पाठीला आधार मिळतो आणि दोघांच्या मधे खुर्चीचा दांडा येतो. भारतीय बैठकीत दांडा नाही, पाठीला आधारही नाही. तिसऱ्या कलाकारापर्यंत कंबर बोलायला लागते, मांडी मोडते, पाय लांब करायला जागा नसते आणि माणूस नाइलाजाने शेजारच्याकडे कलतो. हा नाइलाज हाच या योजनेचा कणा आहे. शाल एकच न्यावी. मुकुंदनगरच्या मैदानावर संध्याकाळनंतर गारठा उतरतो, तेव्हा एका शालीत दोन माणसं ही शुद्ध काटकसर ठरते आणि काटकसरीला पुण्यात कुणी नावं ठेवत नाही. आईने दोन शाली बांधून दिल्या असतील तर एक रिक्षात विसरावी.

मंचावर लोक बसले, काही आवाज येऊ लागले, म्हणून लगेच माना डोलवू नयेत. तबलजी कान तिरका करून छोट्या हातोडीने एकेक गठ्ठा ठोकत असतो. त्याला गाणं म्हणत नाहीत. 1971 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रविशंकर आणि अली अकबर खाँ नुसती वाद्यं लावत होते आणि हजारो श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. ते न्यूयॉर्क होतं, निभावलं. इथे मागच्या रांगेतले काका चष्म्यावरून पाहतील आणि त्या एका नजरेत तुमची योग्यता तुमच्या जोडीदाराला कळेल.

याच काकांचा उपयोगही आहे, फक्त ते पुढच्या रांगेत मिळायला हवेत. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा. ठाय लय असेल तर एक आवर्तन फिरून समेवर यायला मिनिटभरही लागतं. नवख्याने मात्रा मोजायला जाऊ नये, सातव्यानंतर हटकून विचार भरकटतो. काकांच्या मानेची मागची बाजू पाहावी. मान खाली आली की आपणही आणावी, किंचित उशिराने, म्हणजे रसिकता आतून आल्यासारखी दिसते. आणि त्याच क्षणी, समेवर, शेजारी पाहावं. तिकडूनही कुणी पाहिलं तर काम झालं. नाही पाहिलं तर हिरमुसू नये. पुढची सम मिनिटभरात येते, आणि बडा ख्याल चांगला अर्धा-पाऊण तास चालतो. इतक्या संधी दुसरं कुठलं शहर देतं?

मनातली गोष्ट नेमकी केव्हा काढावी, हा प्रश्न रागसमयाचं शास्त्र पाहूनच सोडवावा. दुपारी भीमपलास किंवा मुलतानी चालू असताना फार तर चहा विचारावा. दिवेलागणीला मारवा आला तर गप्प राहावं. मारव्यात गवई षड्जावर सहजी विसावत नाही, त्याला चुकवत, हुलकावण्या देत राहतो. अशा हवेत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही तसंच येतं. यमन सुरू झाला की धीर करायला हरकत नाही. मालकंस, दरबारी हे खरे कामाचे राग, पण त्यांची वेळ रात्री उशिराची. पूर्वी सवाई रात्रभर चालायची आणि पहाटेचा ललत ऐकून लोक घरी जायचे. 2000 साली रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम आला. आता एखाद्या दिवशी बारापर्यंतची परवानगी मिळते, तेवढंच. ध्वनिप्रदूषण किती घटलं ते गणपतीत आणि वरातीत ऐकू येतंच. ‘एवढ्या रात्री एकटी कशी जाशील, सोडतो’ हे वाक्य मात्र एका अख्ख्या पिढीच्या हातून गेलं. भैरवीवर मुळीच विसंबू नये. भैरवी लागली की अर्धा मंडप चपला शोधत असतो.

गाण्याच्या मधे उठू नये, आलापीत डबा उघडू नये. स्टीलच्या डब्याचं झाकण कोणत्या स्वरात निघतं हे सांगणारे लोक इथे असतात. दोन कलाकारांच्या मधे मात्र खाण्याच्या स्टॉलांकडे जावं आणि सर्वांत लांब रांगेत उभं राहावं. चार तासांत बोलायची हीच काय ती जागा, त्यामुळे रांग सरकू नये अशी प्रार्थना करण्यात गैर नाही.

धोका याच रांगेत असतो. सवाईला ओळखीचं कुणी भेटणार नाही असं ज्याला वाटतं तो पुण्याचा नव्हे. हमखास आत्या भेटते. हातात बटाटेवड्याची डिश, खांद्यावर थर्मासची पिशवी, आणि नजर तुमच्यावरून निघून तुमच्या शेजारी स्थिरावलेली.

‘अगं, तू इथे? गाण्यात कधीपासून?’

‘ऑफिसातल्या सगळ्यांनी मिळून काढली ना तिकिटं, आत्या.’

‘सगळे कुठायत मग?’

सगळे म्हणजे एक शालवाला, तो दोन कॉफ्या धरून हसायचा प्रयत्न करतोय. ‘हा गाणं शिकतो’ असं सांगून सुटका करून घ्यायची बुद्धी होईल, ती आवरावी. आत्या पुढचा प्रश्न ‘कुणाकडे?’ असा विचारेल, मग गुरूंचं नाव, गुरूंचे गुरू, त्यांची बहीण आपल्या वाड्यात राहायची इथपर्यंत गाडी जाईल आणि ज्याला एकतालही कधी मोजता आला नाही तो आत्याच्या श्रावणातल्या भजनाला पेटी वाजवायला बांधला जाईल. खरं बोलावं. ‘आत्या, हा माझा मित्र’ म्हणावं, त्याने लगेच वाकून नमस्कार करावा आणि कॉफीतली एक आत्याला द्यावी. आत्या कॉफी पिते. घरी जाऊन फोनही करते, पण त्यात ‘मुलगा बरा वाटला’ एवढी भर पडलेली असते.

कार्यक्रम सुटल्यावर ‘कसं वाटलं?’ असं विचारू नये, समीक्षा सुरू होते. स्वारगेटच्या दिशेने चालत सुटावं. रिक्षावाले नाहीतरी नाहीच म्हणतात. वाटेत एकच प्रश्न विचारावा: पुढच्या वर्षी सीझन तिकीटच काढायचं का? होकार आला तर बैठकीचं काढायचं की खुर्चीचं, हे मात्र दोन्ही बाजूंच्या आईवडिलांचे गुडघे कसे आहेत ते पाहून ठरवावं. अशा गोष्टी आनुवंशिक असतात.