पिनांचा सातबारा

माणसाने वाळूपासून चिप केली, तिच्या आत सेकंदाला सोळा कोटी ऐंशी लाख ठोके बसवले, आणि मग तिच्या पायांपैकी कुठला पाय कोणी वापरायचा यावरून तो भांडत बसला. या भांडणाच्या लेखी निकालाला बोर्ड फाईल म्हणतात. ती तयार करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. लग्नाकार्यात माझी ओळख 'हा कॉम्प्युटरमध्ये असतो' अशी करून देतात. खरं तर मी तलाठी आहे.

आमच्या गावाचं नाव एसटीएम३२ एफ४०७. १०० पायांच्या चिपमध्ये वहिवाटीला ८२ पिना मिळतात, बाकीच्या वीज वगैरे सरकारी कामाला राखीव. पीए, पीबी, पीसी असे गट आणि प्रत्येक गटात ० ते १५ असे हिस्से. एकेका हिश्शावर दावे किती असावेत? पीए२ घ्या. तिच्यावर सिरियल पोर्ट हक्क सांगतो, तीन वेगवेगळे टायमर सांगतात, इथरनेट सांगतं आणि ॲनालॉगवालेही सांगतात. कब्जा मात्र एका वेळी एकाचाच.

हा कब्जा कोणाचा, ते आमचे हार्डवेअरवाले साहेब ठरवतात. क्यूबएमएक्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये चिपचं चित्र येतं, साहेब माऊसने पिनेवर टिचकी मारतात, पिन हिरवी होते. सगळं चित्र हिरवंगार झालं की साहेब चहाला जातात. जाताना म्हणतात, "आता काय, फक्त कन्व्हर्ट करायचंय." या 'फक्त'मध्ये माझी नोकरी आहे.

चित्रामागे आयओसी नावाची साधी मजकुराची फाईल असते. पीए२चा सिग्नल अमुक, पीए१३चा तमुक, अशा ओळीमागून ओळी. मी लिहिलेली स्क्रिप्ट ती वाचते. पण पीए२ सिरियल पोर्टला जोडायची तर चिपला नाव कळत नाही, क्रमांक लागतो. तो आहे ७. आणि हा ७ आयओसी फाईलमध्ये नसतोच. तो क्यूबएमएक्सच्या पोटातल्या वेगळ्या एक्सएमएल दप्तरात असतो. म्हणजे उतारा एका टेबलावर, फेरफार दुसऱ्यावर. इथवर सगळं रीतसर चाललंय याचा स्क्रिप्टला आनंद होत असावा.

मग गिऱ्हाईक कुठली ऑपरेटिंग सिस्टिम मागतं ते बघायचं. जिओव्हानी दि सिरिओ या इटालियन गृहस्थाच्या चिबीओएसमध्ये प्रत्येक पिनेला सहा प्रश्न विचारतात: काम काय, ढकलणार की नुसती ओढणार, वेग किती, वर बांधू की खाली, वीज येताच पातळी काय, आणि तो मघाचा क्रमांक कुठला. १६ पिना, सहा प्रश्न, एका गटाच्या ९६ ओळी. एफ४०७च्या बोर्ड फाईलमध्ये गट नऊ, म्हणजे ८६४ ओळी. यातली गंमत अशी की १०० पायांच्या चिपमध्ये एफ, जी आणि आय हे गट बाहेर आलेलेच नसतात. जिथे पाय ठेवता येत नाही, जी बाहेरून दिसतही नाही, त्या जमिनीचाही वेग किती आणि बांध कुठल्या बाजूला हे आम्ही इमानेइतबारे लिहितो.

पडीक पिनांचीही नोंद लागते. मोकळी सोडलेली पिन हवेतला गोंगाट पकडते आणि शून्य की एक याचा निर्णय दर क्षणाला फिरवते. म्हणून तिला वर किंवा खाली बांधून टाकायचं. पाचवा प्रश्न तर फारच गंभीर. त्याचं उत्तर उलटं पडलं की वीज येताच रिले 'टक' करतो आणि अजून मुख्य प्रोग्रॅमची पहिली ओळही चाललेली नसताना कोणाची तरी मोटर फिरायला लागते.

पीए१३ आणि पीए१४ या मात्र गावठाणाच्या पिना. डीबगर याच दोघींतून आत शिरतो. दरवर्षी एखादा उत्साही नवा मुलगा पीए१३वर एलईडी लावतो. एलईडी लागतो आणि डीबगर बाहेर राहतो. मग रीसेटचं बटण दाबून धरून, चिप जागी व्हायच्या आत तिला गाठावं लागतं.

दुसरं गिऱ्हाईक नटएक्स मागतं. तिथे पीए२चं नाव सिरियल दोनच्या टीएक्सचा पर्याय एक; पर्याय दोन म्हणजे पीडी५. तिसरं झेफर मागतं. तिथे डिव्हाइसट्री: पिनेचं नाव आणि काम एकाच लांबलचक शब्दात, आणि तो ७ पार पडद्याआड. पूर्वी लिनक्समध्येही एआरएमच्या प्रत्येक बोर्डाची स्वतंत्र सी फाईल असे. त्या फायलींचा ढीग इतका वाढला की २०११ साली लिनस टोरवाल्ड्स जाहीरपणे कडाडला. त्यानंतर एआरएमवाल्यांनी सन आणि ॲपलच्या जुन्या यंत्रांकडून आलेली डिव्हाइसट्री मुकाट्याने पत्करली. जगातल्या एका तरी तलाठ्याचं गाऱ्हाणं वरपर्यंत पोचलं, याचं मला समाधान आहे.

एवढं सगळं असूनही यंत्रं मला त्रास देत नाहीत. क्रमांक ७ असेल तर ७च येतो. त्रास होतो माणसांनी ठेवलेल्या नावांचा. एफ४०७च्या प्रसिद्ध डिस्कव्हरी बोर्डावर पीडी१२ ते पीडी१५ असे चार एलईडी ओळीने आहेत. त्यांची नावं एलडी४, एलडी३, एलडी५, एलडी६. का, ते विचारू नये. बटणाच्या लेबलात मोकळी जागा आहे आणि चौकोनी कंसही आहेत. सी भाषेला यांतलं काहीच चालत नाही, म्हणून स्क्रिप्ट त्या जागी अंडरस्कोअर घालते. आमच्या साहेबांनी एका पिनेला 'एलईडी १' म्हटलं आणि दुसरीला 'एलईडी-१'. अंडरस्कोअर घातल्यावर दोघी एकाच नावाच्या झाल्या आणि कंपायलरने वारसाहक्काचा दावा लावला. एका पिनेचं लेबल नुसतं 'बहुतेक रिले' असं होतं.

शेवटी माझ्या लक्षात आलं की या सगळ्या नमुन्यांत एक रकाना कुठेच नाही: कारण. डिस्कव्हरीवर आयटूसीची घड्याळाची तार पीबी६वर आणि डेटाची पीबी९वर आहे. शेजारची पीबी७ हेच काम करू शकते. तरी कित्येक नव्या बोर्डांवर पीबी६ आणि पीबी९ हीच जोडी दिसते आणि कोणीच काही विचारत नाही. आयओसी, चिबीओएस, नटएक्स, झेफर, सगळे पिन काय करते ते सांगतात. तीच का, हे कोणी सांगत नाही, आणि सहा महिन्यांनी बोर्ड बदलताना नेमकं तेवढंच हवं असतं.

म्हणून मी स्क्रिप्टमध्ये 'कारण' हा रकाना घातला आणि तो भरल्याशिवाय फाईल तयारच होणार नाही असा कडक नियम केला. साहेबांनी जराही कुरकुर केली नाही. दुपारपर्यंत सगळ्या ८२ पिनांची कारणं भरून आली. पीए०समोर लिहिलं होतं, 'जुन्या बोर्डावर होती म्हणून.' उरलेल्या ८१ पिनांसमोर, 'वरीलप्रमाणे.'