गृहोद्योग : क्रँकचे ऑइल सील

क्रँकशाफ्टचे ऑइल सील हे एक रबरी कडे असते. इंजिनाच्या पोटातला क्रँक जिथे भिंतीतून बाहेर डोकावतो, तिथे ते बसवलेले असते. क्रँकने बाहेर यावे आणि तेलाने आत राहावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. अशी कडी दोन : पुढचे पुलीच्या आड, मागचे फ्लायव्हीलच्या आड. बहुतेक लहान गाड्यांत इंजिन आडवे बसवलेले असल्यामुळे ‘पुढचे’ सील गाडीच्या पुढे न सापडता कुशीला, चाकाच्या अंगाला सापडते. बॉनेट उघडून समोरून ते शोधणाऱ्या गृहस्थाची सकाळ तिथेच खर्ची पडते.

सील स्वस्त असते. ते बदलण्याची मजुरी मात्र त्याच्या कितीतरी पट असते, कारण त्याच्यापर्यंत पोहोचायला वाटेतले बरेच काही उतरवावे लागते. या दोन आकड्यांमधल्या अंतरात मध्यमवर्गीय माणसाला आपल्यातला फिटर सापडतो. मेकॅनिकने तोंडी सांगितलेला अंदाज ऐकून तो ‘बघतो, कळवतो’ म्हणतो आणि रात्री जेवताना जाहीर करतो की यात काही विशेष नाही, मोबाइलवर सगळे दाखवलेले असते. मोबाइलवर ते पंधरा-वीस मिनिटांत उरकते हे खरे. तिथली गाडी लिफ्टवर असते, बोल्ट आधीच एकदा सैल करून ठेवलेला असतो आणि आसपास सोसायटीचे सेक्रेटरी नसतात.

सीलची रचना पाहण्यासारखी आहे. बाहेरून पत्र्याचे कडे, त्यावर रबर, आतल्या बाजूला शाफ्टवर टेकणारा रबराचा पातळ ओठ आणि त्या ओठाला दाबून धरणारी बारीक तारेची गोल स्प्रिंग. ओठ शाफ्टवर कोरडा घासत नाही. दोघांच्या मध्ये तेलाचा अत्यंत पातळ थर असतो, जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. ओठाची घडणच अशी, की शाफ्ट फिरू लागला म्हणजे तेल परत आत लोटले जाते. तेल अडवायला नेमलेला स्वतः थोड्या तेलावरच जगतो, आणि ते बंद झाले तर जळून जातो. याची उदाहरणे इंजिनाबाहेरही पुष्कळ मिळतील.

३५ मिलिमीटर जाडीचा क्रँक मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असेल, तर त्याचा पृष्ठभाग ओठाखालून ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने धावतो. तासाला १,८०,००० फेऱ्या, आणि शेजारी शंभर अंशांच्या आसपास तापलेले तेल. हे वर्षानुवर्षे सोसल्यावर रबर कडक होते, ओठ झिजतो, स्प्रिंग ढिली पडते आणि एका सकाळी पार्किंगच्या फरशीवर काळा डाग दिसतो. त्यावर मालकाचे म्हणणे असे पडते, की हल्ली मालच हलका येतो.

रबराच्या आधी हे काम दोर, नमदा आणि चामडे करत असे. जर्मनीतल्या वाइनहाइम गावची फ्रॉइडनबर्ग ही कंपनी मुळात कातडी कमावणारी. चामड्याला नवे गिऱ्हाईक हवे होते. १९२९ मध्ये वाल्टर झिमर या अभियंत्याच्या नावावरून तिने ‘झिमररिंग’ आणली. तिचा ओठ चामड्याचा होता. रबर पुढच्या दशकात आले. सायकलच्या हातपंपातल्या चामडी वॉशरला तेल चोळून ज्यांनी पुन्हा वारा भरला आहे, त्यांना झिमरसाहेबांचे म्हणणे पटवून द्यावे लागत नाही.

तेल गळते म्हणजे सीलच गेले, असे मात्र नाही. तेल वरून खाली ओघळते आणि गाडी चालू लागली की वारा ते मागे पसरवतो. टॅपेट कव्हरचे पॅकिंग गेले, कॅमचे सील गेले किंवा ऑइल प्रेशरचा स्विच पाझरू लागला, तरी थेंब शेवटी क्रँकच्या पुलीपाशीच येऊन पडू शकतो. त्यामुळे आधी इंजिन धुऊन कोरडे करावे, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरावी, इंजिन थोडे चालवावे आणि पावडरीवर पहिली ओली रेघ कुठे उमटते ते पाहावे. ही पद्धत जुनी आणि खात्रीची आहे. तिच्यातली अडचण एकच. पावडरीचा डबा घेऊन पार्किंगकडे निघालेल्या गृहस्थाला दारातच कारण विचारले जाते, आणि खरे कारण सांगितल्यास त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

आणखी एक गोष्ट तपासावी. पिस्टनच्या कडेने थोडा वायू चेंबरमध्ये उतरतच असतो. त्याला बाहेर काढणारी श्वासनळी किंवा तिचा व्हॉल्व्ह काजळीने तुंबला, तर आतला दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर रेटले जाते. हे न पाहता नवे सील बसवणाऱ्याला काही दिवसांनी दुसरे नवे सील बसवण्याची संधी मिळते.

सील आणायला पुण्याचा माणूस नाना पेठेत जातो, मुंबईचा ऑपेरा हाउसच्या बाजूला. काउंटरवरून प्रश्न येतो, ‘जुनं आणलंय का?’ जुने आणायचे तर इंजिन खोलायला हवे, आणि खोलल्यावर गाडी दुकानापर्यंत येत नाही. यावर उपाय म्हणजे गाडीचे मॉडेल, साल आणि इंजिन नंबर लिहून नेणे. सीलवर बहुधा तीन आकडे असतात : आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. रबर साधे नायट्राइल असेल तर उष्णतेने लवकर कडक होते. फ्लोरोरबराचे, बाजारात ज्याला सरसकट व्हायटन म्हणतात ते, २०० अंशांच्या आसपासही टिकते. दोन्हींतला फरक विचारला की दुकानदार ‘चालतं सगळं’ म्हणतो. महागातले घ्यावे. एवढा खटाटोप करून स्वस्त सील बसवणे हा काटकसरीचा अतिरेक आहे.

हाताला सराव व्हावा म्हणून मारुती ८०० इतकी सोयीची गाडी दुसरी नाही. डिसेंबर १९८३ मध्ये ती रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, टायमिंग बेल्ट, आणि पुढचे सील ऑइल पंपाच्या घरात. आजही पुष्कळ घरांत ती उभी आहे. दुसरी गाडी आल्यावर ‘हिच्यावर शिकता येईल’ या सबबीवर ती विकायची राहून जाते.

काम थंड इंजिनावर करावे. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडावी. गाडी जॅकवर उचलून लोखंडी घोडीवर टेकवावी, मागच्या चाकांना ठोकळे लावावेत आणि मगच पुढचे चाक काढावे. घोडीऐवजी विटा वापरू नयेत. वीट फुटण्यापूर्वी सूचना देत नाही.

मग पट्टे सैल करून काढायचे आणि पुलीच्या मधल्या बोल्टला हात घालायचा. सगळ्या कामाचे नाक इथे आहे. साध्या पान्याने हा बोल्ट हलत नाही. तो फिरवावा तर त्याच्याबरोबर अख्खा क्रँकच फिरतो. म्हणून गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून कोणाला तरी ब्रेक दाबून बसवावे लागते. या पदावर घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाची नेमणूक होते. तो ब्रेक दाबतो आणि मोबाइल पाहू लागतो. पाय कधी सुटला हे त्याला कळत नाही; खालच्या गृहस्थाला लगेच कळते. पान्याला मीटरभर लांबीचा पाइप चढवला आणि टोकाला १० किलोंचा भार दिला, तर बोल्टवर सुमारे ९८ न्यूटन-मीटरचा पीळ पडतो. गंजलेल्या बोल्टला तेवढाही पुरत नाही. स्टार्टर मारून बोल्ट सैल करण्याची युक्ती कोणी सुचवल्यास त्याचे आभार मानून ती सोडून द्यावी, कारण पाना उडाला तर तो दिशा निवडत नाही.

युक्त्या सुचवणाऱ्यांची वाण पडत नाही. रविवारी सकाळी उघडे बॉनेट दिसले की सोसायटीतल्या वेगवेगळ्या मजल्यांवरची मंडळी हाताची घडी घालून जमतात. पहिला विचारतो, ‘काय झालं?’ दुसरा उत्तर देतो, आणि तो गाडीचा मालक नसतो. तिसऱ्याच्या मेहुण्याचे गॅरेज असते. एक निवृत्त काका ‘आमच्या फियाटला...’ अशी सुरुवात करतात आणि फियाट संपेपर्यंत चहा थंड होतो. पाना हातात देण्याचे काम यांपैकी कोणी करत नाही. वॉचमन करतो. त्यालाच बारा नंबरचा आणि चौदा नंबरचा पाना पाहताक्षणी ओळखता येतो, आणि त्याचा सल्ला कोणी विचारत नाही.

बोल्ट सुटल्यावर पुली आणि टायमिंगचे कव्हर निघते. टायमिंग बेल्ट उतरवण्यापूर्वी क्रँक आणि कॅम यांच्यावरच्या खुणा जुळवून घ्याव्यात आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. बेल्ट तेलाने भिजलेला असेल तर तो टाकून नवा घालावा, कारण तेलाने बेल्टचे रबर सडते. अनेक इंजिनांत बेल्ट एखाद-दोन दाते चुकीचा बसला, तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची टक्कर होऊन व्हॉल्व्ह वाकतात. त्यानंतर मजुरीच्या आकड्याला सीलचा हिशेब लागू राहत नाही. क्रँकचा दातेरी गिअर ओढून काढताना त्याच्या खाचेतली अर्धचंद्राकृती चावी जपून वेगळी ठेवावी. ती नखाएवढी असते आणि खाली पडली की फरशीच्या उताराने थेट जाळीकडे जाते.

एवढे झाले म्हणजे सील दिसते. ते तिथे निमूट बसलेले असते. स्क्रूड्रायव्हर खुपसून ते उचकटण्याचा मोह होतो. त्याने सील निघते, पण शाफ्टवर एक ओरखडा राहतो आणि नवा ओठ त्या ओरखड्यातून तेल सोडत राहतो. नीट रीत अशी : सीलच्या पत्र्यात, शाफ्टपासून दूर, बारीक भोक पाडावे, त्यात स्क्रू अर्धवट पिळावा आणि पक्कडीने धरून सरळ ओढावे. आधी भोकाभोवती ग्रीस चोपडावे, म्हणजे पत्र्याचा कीस त्यात अडकतो, आत जात नाही. सील बाहेर येताना ‘फटक’ असा आवाज होतो. हाताची घडी घातलेल्यांनाही त्या क्षणी बरे वाटते.

आता शाफ्टवरून नख फिरवून पाहावे. ओठ जिथे टेकत होता तिथे नख अडकले, तर शाफ्टला खाच पडली आहे असे समजावे. रबरासारख्या मऊ वस्तूने पोलाद कोरले, हे प्रथम पाहणाऱ्याला खरे वाटत नाही; हे काम बहुतेक ओठाखाली अडकलेल्या धुळीचे असते. खाच उथळ असेल आणि जागा असेल, तर नवे सील एखादा मिलिमीटर मागेपुढे बसवून ओठाला कोरी जागा द्यावी. खोल असेल तर वरून पातळ पोलादी बाही चढवतात.

नव्या सीलच्या ओठाला इंजिन ऑइल लावावे आणि स्प्रिंगच्या खाचेत थोडे ग्रीस भरावे, म्हणजे ठोकताना ती निसटत नाही. स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. उलट बसवलेले सील दिसायला अधिक चांगले दिसते, एवढाच त्याचा गुण. ते आत सारायला सीलच्या बाहेरच्या व्यासाचा पाइपाचा तुकडा घ्यावा. प्लंबरकडे उरलेला जाड पीव्हीसी पाइप पुरतो. हातोडी हलकी, ठोके सगळीकडे सारखे. सील तिरके गेले तर सरळ करत बसू नये, काढून दुसरे घालावे. म्हणून जाणकार दोन सीले आणतात.

जोडणी उलट क्रमाने. बेल्ट चढवल्यावर स्पार्क प्लग काढून क्रँक हाताने, इंजिन ज्या बाजूला फिरते त्याच बाजूला, पूर्ण दोन फेऱ्या फिरवावा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक होते, त्यामुळे दोन फेऱ्यांनंतर सगळ्या खुणा पुन्हा जुळल्या पाहिजेत. मध्येच काही अडले तर जोर लावू नये. पुलीचा बोल्ट टॉर्क पान्याने, त्या गाडीच्या पुस्तकात दिला असेल तेवढाच आवळावा. ‘हाताला कळतं’ म्हणणाऱ्यांचे आटे गेलेले असतात.

रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे. सकाळी ते कोरडे निघाले तर काम झाले. एखादा थेंब दिसला तरी घाबरू नये. कोपऱ्याकपारीतले जुने तेल आणखी काही दिवस ओघळत राहते. आठवड्याने पुन्हा पावडर लावून पाहावी.

मागच्या सीलची पद्धत वेगळी आहे. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मग क्लच, मग फ्लायव्हील. गिअरबॉक्स जड असतो आणि त्या वेळी गृहस्थ त्याच्या बरोबर खाली असतो. हे काम घरी करू नये. मेकॅनिकला फोन करावा, त्याने सांगितलेला आकडा ऐकावा आणि ‘बघतो, कळवतो’ न म्हणता गाडी पाठवून द्यावी. गिअरबॉक्स खाली आलाच आहे तर क्लचप्लेटही पाहून घ्यायला सांगावे.