चिखलाची शिकवणी

स्थळ : जऊळका रेल्वे, तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम. दोन घरांच्या मधली तुराट्यांची कुपाटी. वेळ : उन्हं कलल्यावर.

काकू : अवो मॅडम, सुटली का शाळा? या न जरा इकडं. पुण्याहून पार्सल आलं, पाहा.

मॅडम : काय हाये काकू? दौत हाये का?

काकू : कप हाये म्हनते! चहाचा. सुनबाईनं सोताच्या हातानं केला. एका अंगाले कलला, कान पाहा कसा मुडपला. अन् याच्यासाठी थे दर रविवारी क्लासले जाते. पैसे भरून, मॅडम! पैसे भरून चिखल मळाले! मी जन्मभर वावरात फुकट तुडवला, तवा कोनी सर्टिफिकेट नाई देल्लं.

मॅडम : शहरात त्याले स्टुडिओ म्हणतात, काकू. जागा एक, चाकं चार-सहा, अन् भट्टी सगळ्यायची मिळून. विजेची भट्टी एकट्यादुकट्याले घरी परवडत नाई, म्हणून जो तो आपला माल तिथीच भाजाले ठेवते. जुने शिकलेले नव्यायले शिकवतात. कोणी बँकेत, कोणी कॉम्प्युटरवर. सहा दिवस बोटं बटनावर, सातव्या दिवशी मातीत.

काकू : मातीची एवढी हौस असन तर इथी ये म्हणा, निंदाले बाया भेटत नाई.

मॅडम : हसता काय! माह्या माहेरी तर हे शिकवणं १९५५ सालीच सुरू झालं.

काकू : भद्रावतीले?

मॅडम : हो, चंद्रपूरच्या अलीकडचं भद्रावती. तिथी ग्रामोदय संघ हाये. कृष्णमूर्ती मिरमिरा म्हणून गांधीविचाराचे होते, त्याईनं काढला. लोकं भद्रनागाच्या देवळात येतात, विजासनच्या लेण्या पाहतात अन् निघून जातात. पण लांबलांबचे कुंभार येत थे संघात. शिकाले.

काकू : कुंभाराले कुंभारकाम शिकवाचं? मासोळीले पोहणं शिकवल्यासारखं झालं हे!

मॅडम : पाणी बदललं तर मासोळीलेही शिका लागते. प्लास्टिकची बकेट आली, स्टीलची गुंडी आली, अन् रांजण गेला. मग कुंभारानं कराचं काय? कपबशी करा, बरणी करा म्हणणं सोपं हाये. पण उघड्या आव्यातली आच सातशे-आठशे डिग्रीच्या घरात. त्यात माठ पक्का होते, पण लोणच्याचं तेल घाला, आठ दिवसात बाहेर पाझरते. बरणीले काचेसारखा लेप पायजे, ग्लेझ म्हणतात त्याले. थो लेप वितळाले हजार-बाराशे डिग्रीची आच लागते. म्हणजे बंद भट्टी पायजे, अन् मातीही तेवढी आच सोसणारी. आमच्याकडं कोळशाच्या थरासंगं फायरक्ले निघते, भट्टीच्या इटा त्याच्याच होतात. हे सगळं बापाच्या चाकावर बसून कसं समजन?

काकू : मंग हे गांधीबाबाच्या डोक्यातलं का?

मॅडम : वाट वर्ध्याचीच. १९३४ साली गांधीजीनं अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला, कारभार कुमारप्पायकडं देल्ला. मगनवाडीत बिऱ्हाड मांडलं, १९३८ साली मगन संग्रहालय उघडलं. धंदा गावातच राहावा, पण म्हणून हत्यार आजाच्या येळचंच राहावं असं नाई, हा त्यायचा हट्ट. तिकडं बेळगाव जिल्ह्यात खानापूरलेही खादी-ग्रामोद्योगची कुंभारकामाची मोठी संस्था हाये. थो तालुका तर मराठी बोलणाऱ्यायचा.

काकू : हे मोठ्याईचं झालं. माती मलेही समजते हो थोडी. माहं माहेरचं घर कुंभारवाड्याले लागून होतं. वावरातली काळी माती कुंभार कधी आणत नाई. पाणी पेली का फुगते, सुकली का भेगाडते. आपल्या भिताडावर पाहा न. तशीच मडक्यावरही भेग पडन. नाल्याची, तळ्याची गाळाची माती आणाची, कुटाची, चाळाची, भिजवाची. मंग त्यात गाढवाची नाई तर घोड्याची लीद अन् राख घालून पायानं तुडवाची. लीद कायले, सांगा?

मॅडम : सांगा तुमीच.

काकू : आव्यात लीद जळून जाते अन् तिच्या जागी बारीक बारीक भोकं राह्यतात. त्यातून माठ पाझरते, वरचं पाणी कोरड्या हवेनं उडते, अन् आतलं थंड पडते. म्हणून आपल्या मे महिन्याच्या झळीत माठ लोहाराच्या पोरासारखा ऐटीत राह्यते! मी मुंबईले होती तवा तिथच्या माठाचं पाणी कोमटच लागे. हवाच ओली, पाणी उडन कुठी?

मॅडम : काकू, हे मी सातवीच्या पोरायले अर्धा तास फळ्यावर शिकवतो!

काकू : तरी मले कोनी पगार देत नाई. बरं, त्या विश्वकर्मा योजनेचं काय झालं? कुंभारमामानं फारम भरला म्हनत होते.

मॅडम : पीएम विश्वकर्मा. २०२३ च्या १७ सप्टेंबरले सुरू झाली. सुतार, लोहार, शिंपी असे अठरा धंदे, त्यात कुंभारही. पाच-सात दिवसाचं ट्रेनिंग, रोजचे पाचशे रुपये, अवजाराले पंधरा हजार, अन् पुढं पाच टक्क्यानं कर्ज.

काकू : थांबा, थांबा. माही सून शिकाचे पैसे देते. मामाले शिकाचे पैसे भेटतात. अन् मामानं कोनाले शिकवलं तर?

मॅडम : तर काईच नाई. बापानं पोराले शिकवलं त्याची फी कोण धरते? बलुतं होतं तवा खळ्यावरून पायली-दोन पायली धान्य भेटे, थे मडक्याचं. शिकवण्याचं नाई.

काकू : अन् मामाच्या घरच्या मावशीनं केलं त्याचं तर बलुतंही नाई. पाहा मॅडम, माती कोनं चाळली? मावशीनं. लीद कोनं आणली? मावशीनं. चाकावरून उतरलेलं मडकं हातात गुंडा धरून आतून टेकवत, वरून थापटीनं मोठं कोनं केलं? तिनंच. संक्रांतीचे सुगडे तिनं रंगवले, आखाजीचे करा-केळी तिनं टोपल्यात घालून दारोदार नेले, पोळ्याचे मातीचे बैल तिनं केले. पण चाकाले हात लावाचा नाई! बाईचा हात चाकाले चालत नाई म्हनते.

मॅडम : लई घरात अशी रीत होती. अन् चाकही तसंच जड होतं. काठी घालून फिरवा, हात काढला का गती उतरे. आता बटन दाबलं का फिरते. खादी-ग्रामोद्योगनं २०१८ पासून विजेचे चाकं वाटले. ताकदीचं कारण गेलं.

काकू : कारण गेलं, पण रीत बसलीच हाये न ओट्यावर पाय लांब करून! माही सून, जिच्या सात पिढ्यात कोनी मातीले हात नाई लावला, थे पुण्यात चाकावर बसते, फोटो काढते. अन् मावशी, जिच्या हातातून हजारानं मडके गेले, थे खाली बसून लीद चाळते. हे मले पटलं नाई. सुनेचा राग नाई मले. तिनं बसावं. पण मावशीनं कायले नाई बसाचं?

मॅडम : हे तुमी मावशीले बोलल्या का?

काकू : काल बोलली. कप घेऊनच गेली होती. तिनं पयले थापटून पाह्यला. गोरोबाकाकानं संताईचे डोके थापटले होते न, नामदेवाले कच्चं म्हटलं, तसंच! मंग म्हनते, भाजला चांगला, आवाज खणखणीत हाये. पण बुड जाड ठेवलं अन् कान घाईनं लावला. कप सुकून गेला होता, कान ओला होता, म्हणून मुडपला. दोन्ही सारखे ओलसर असताना लावाचे. एका नजरेत सांगितलं, मॅडम! मी पुण्याले फोन लावला. सून म्हनते, आई, आमच्या सरनंही हेच सांगितलं. पण तिसऱ्या क्लासले!

मॅडम : मग मावशीच सर झाल्या की.

काकू : मी थेच म्हटलं. सून उन्हाळ्यात येन, तिले तुह्यापाशी बसवतो. पण पयले चार दिवस चाळणी अन् लीद, चाक मंग. सून हो म्हनली! अन् तुमच्या शाळेतल्या पोरीही पाठवा म्हणा.

मॅडम : पाठवतो न. कार्यानुभवाच्या तासाले कागदाच्या टोप्या करून पोरं कंटाळले. पण एक सांगतो, फक्त पोरी नाई, पोरंही. अन् पोरायले पयले लीद चाळाले लावू.

काकू : हे बेस सांगितलं!

मॅडम : मामा काय म्हणाले? चाक देतीन का?

काकू : पयले मुकाट होते. मंग म्हनते, विजेचं नवं आलं तर जुनं रिकामंच हाये, बसू दे. रीत मोडली म्हणून कोनी बोललं तर? मी म्हटलं, बोलणाऱ्याले माह्याकडं पाठव, कुपाटीपाशी.

मॅडम : मंग तर कोणी येतच नाई!

काकू : पण एका गोष्टीवर अडलं. मावशी म्हनते, शेजारधर्म हाये, पैसे कायचे घेऊ? मी चिडली. म्हटलं, तुह्या शेजारधर्मानंच तुहं नाव कोनाच्या वहीत नाई. पुण्यातले सर रविवारच्या दोन तासाचे किती घेतात थे मी सुनेले इचारतो. जो आकडा सांगन थोच घेजो. एक रुपया कमी नाई. अन् पावती फाडजो, वर लिहिजो, शिकवणी फी!