यंदा कर्तव्य आहे

आम्ही देशात पहिले आलो. अजून एकही सामना झालेला नाही, तो तपशील सोडा. असोसिएटेड प्रेसची अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलची हंगामपूर्व क्रमवारी जाहीर झाली आणि २०२५-२६ साठी आमचं पर्ड्यू विद्यापीठ सर्वांत वर. हंगाम सुरू व्हायच्या आधीच पहिला नंबर मिळण्याची ही आमच्या इतिहासातली पहिलीच वेळ. त्या दिवशी ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी दोघातिघांनी माझं अभिनंदन केलं आणि मीही, "छे हो, मुलांनी मेहनत घेतलीय," असं म्हणून ते विनयाने स्वीकारलं.

विनय कशाबद्दल, ते विचारू नका. माझी उंची पाच फूट चार इंच. पुण्यात आमच्या शाळेच्या मैदानावर बास्केटबॉलची एक रिंग होती. तिच्या खांबाला पीटीचे सर सायकल टेकवून ठेवत. त्या सायकलला हात लावायचा नाही, एवढाच या खेळातला मला माहीत असलेला नियम. पुढे पर्ड्यूला मेकॅनिकलमध्ये एम.एस. करायला आलो, तेव्हा पहिल्या थंडीत मॅकी अरेनात शिरलो तो आत ऊब असते म्हणून. एका छपराखाली चौदा हजारांवर माणसं बेंबीच्या देठापासून ओरडत होती. मी बाहेर पडलो तो थेट जाणकार होऊनच. तेव्हापासून माझं ज्ञान फारसं वाढलेलं नाही, आवाज मात्र वाढला आहे.

"यंदा आम्ही रिबाउंडला कमी पडणार नाही," परवा जेवताना मी म्हणालो.

"तू नक्की कुठे उभा असतोस?" बायकोने विचारलं आणि आमटी वाढली.

तर यंदाचं चित्र असं. ब्रेडन स्मिथ शेवटच्या वर्षाला आहे. उंची जेमतेम सहा फूट, म्हणजे या खेळाच्या हिशेबाने माझ्याच पंगतीतला. गेल्या हंगामात तो आमच्या बिग टेन कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि देशातल्या सर्वोत्तम पॉइंट गार्डला मिळणारा बॉब कूझी पुरस्कारही त्यानेच नेला. ड्यूकच्या बॉबी हर्लीचा १,०७६ असिस्टचा विक्रम १९९३ पासून कुणाला मोडता आलेला नाही. तो यंदा स्मिथ मोडेल, असं जाणकार म्हणतात. जाणकारांत मी आलोच.

त्याचं काम एकदा नीट बघा. सहकारी येऊन स्क्रीन लावतो, स्मिथ त्याच्या खांद्याला घासून निघतो आणि अंगावरच्या बचावपटूला पाठीवर घेतो. इथे दुसरा कुणीही सुसाट सुटेल. हा वेग कमी करतो. मागचा बिचारा पाठीला चिकटलेला, समोरचा उंच गडी पुढे येऊ की मागेच राहू या पेचात. त्याने एक पाऊल पुढे टाकलं रे टाकलं, की चेंडू त्याच्या पायापाशी एक टप्पा घेऊन ट्रे कॉफमन-रेनच्या हातात. कॉफमन-रेन उंच उड्यांच्या भानगडीत फारसा पडत नाही. खांदा लावून जागा करतो आणि चेंडू अलगद वर सोडतो. पलीकडे फ्लेचर लॉयर तीन गुणांच्या रेषेबाहेर हात तयार ठेवून उभा. तिघेही इंडियानातल्याच शाळांतून आलेले, तिघेही शेवटच्या वर्षाला. भरीला साउथ डकोटा स्टेटकडून ऑस्ट्रेलियाचा ऑस्कर क्लफ आलाय. रिंगवरून उडालेला चेंडू ही त्याला आपलीच मालमत्ता वाटते. आणि गेल्या हंगामाच्या सुरुवातीलाच ज्याचा पाय मोडला, तो सात फूट चार इंचांचा डॅनियल जेकबसनही परतला आहे.

एवढं सगळं असताना माणसाने खुशीत असावं. मी घाबरलोय.

कारण पहिला नंबर आम्हाला लाभत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये हंगाम चालू असताना आम्ही इतिहासात प्रथमच एक नंबरला पोचलो. त्याच आठवड्यात रटगर्सच्या रॉन हार्पर ज्युनियरने शेवटचा भोंगा वाजता वाजता जवळजवळ अर्ध्या मैदानावरून चेंडू भिरकावला आणि आम्ही ७०-६८ असे हरलो. पुढच्या हंगामात पुन्हा एक नंबर, जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा रटगर्स. या वेळी आमच्याच मॅकी अरेनात, एका गुणाने.

रटगर्स कुठे आहे? न्यू जर्सीत. आता इथे मला जरा थांबू द्या.

न्यू जर्सी हा विषय माझ्यासमोर काढायचा नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मार्च २०२२, एनसीएएची राष्ट्रीय स्पर्धा, शेवटचे सोळा संघ. आमचं मानांकन तिसरं, समोर पंधराव्या मानांकनाचे सेंट पीटर्स, राहणार जर्सी सिटी. ६७-६४, आम्ही घरी. पंधराव्या मानांकनाचा संघ शेवटच्या आठांत पोचण्याची ती पहिलीच वेळ, आणि इतिहास घडवायला त्यांना आम्हीच सापडलो. पुढच्या मार्चमध्ये आम्ही अव्वल मानांकित, समोर सोळाव्या मानांकनाचे फेअरली डिकिन्सन, राहणार टीनेक. टीनेक कोणत्या राज्यात आहे, ते ओळखा. पहिल्या विभागातल्या साडेतीनशेहून अधिक संघांत सर्वांत बुटका संघ तो. आमच्याकडे सात फूट चार इंचांचा झॅक ईडी, त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम खेळाडू. बरं, या मंडळींनी आपल्या कॉन्फरन्सची स्पर्धाही जिंकलेली नव्हती. तिथे ते अंतिम सामन्यात मेरीमॅककडून हरले होते. पण मेरीमॅक नियमात बसत नव्हतं, म्हणून यांचा नंबर लागला. म्हणजे ज्यांनी तिथे यायलाच नको होतं, त्यांनी आम्हाला ६३-५८ असं घरी पाठवलं. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्याने पहिल्याला हरवण्याची ही फक्त दुसरी वेळ. पहिल्यांदा हा मान २०१८ मध्ये व्हर्जिनियाला मिळाला होता. त्यांनी निदान पुढच्याच वर्षी विजेतेपद मिळवून अब्रू भरून काढली. वाटेत शेवटच्या आठांत त्यांनी कुणाला हरवलं? आम्हाला.

न्यू जर्सीत प्रत्येक मराठी माणसाचा एक तरी नातेवाईक असतोच. माझा मावसभाऊ एडिसनला असतो. त्याला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. फेअरली डिकिन्सनच्या रात्री त्याचा मेसेज आला, "दादा, आमच्या लोकांशी तुमचं काही वाकडं आहे का रे?" पुढे हसरा चेहरा. मी त्याला लग्नात दिलेला आहेर मनातल्या मनात परत घेतला. हे राज्य इंडियानाच्या पाव हिश्श्याहूनही लहान आहे आणि त्यात बास्केटबॉलच्या टीम तरी किती असाव्यात! सेंट पीटर्सनंतर मी जाहीर केलं होतं की आता न्यू जर्सीत पाऊल ठेवणार नाही. त्याच ऑगस्टमध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन अटलांटिक सिटीला भरलं आणि बायकोने नोंदणी आधीच करून टाकली होती. मी गेलो. नाटक बघितलं, ओळखीपाळखी काढल्या, आणि "काय, कशी वाटली न्यू जर्सी?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने पाहिलं. स्वयंसेवक काकूंनी आग्रहाने आणखी एक जिलबी वाढली, तेव्हाही यात काहीतरी डाव असणार असंच वाटलं. रटगर्स तर आमच्याच बिग टेनमध्ये, त्यामुळे दर हंगामात गाठ पडतेच. माझ्या पत्रिकेत शनी वक्री आहे की न्यू जर्सी, हे एकदा कुणाला तरी दाखवून घ्यायला हवं.

असो. तर मुद्दा पहिल्या नंबरचा होता.

मी राहतो दक्षिण इंडियानातल्या कोलंबसला. पुण्याहून इथल्या इंजिनांच्या धंद्यात येणाऱ्या इंजिनिअरांची जुनी रांग आहे, तिच्यातला मी एक. ब्लूमिंग्टन इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे अख्खं गाव इंडियाना युनिव्हर्सिटीच्या लाल रंगात. तिथे शिकलेला माझा एक मित्र आहे. गणपतीची आरती झाली, प्रसाद हातावर पडला, की तो शांतपणे विचारतो, "काय मग, यंदा तरी बॅनर लागणार का?" त्यांच्याकडे राष्ट्रीय विजेतेपदाचे पाच बॅनर टांगलेत: १९४०, १९५३, १९७६, १९८१ आणि १९८७. एनसीएए स्पर्धेच्या विजेतेपदाचे आमच्याकडे शून्य. बिग टेनची साखळी सर्वांत जास्त वेळा, २६ वेळा, आम्ही जिंकली आहे, हे मी सांगतो. तो "हो का, वा!" म्हणतो आणि मोदकाकडे वळतो.

१९६९ मध्ये आम्ही अंतिम सामन्यात पोचलो, तर समोर यूसीएलए आणि त्यांच्या बाकावर प्रशिक्षक जॉन वुडन. वुडन कोण? आमचाच माजी खेळाडू, पर्ड्यूचा १९३२ चा पदवीधर. यूसीएलएला त्याने दहा विजेतेपदं मिळवून दिली, त्यातलं एक आमच्या छाताडावर बसून. मग अंतिम सामना थेट २०२४ मध्ये. कनेक्टिकटने आम्हाला ७५-६० असं लोळवलं. आणि गेल्या मार्चमध्ये, इंडियानापोलिसला, घरच्या लोकांसमोर, ह्यूस्टनशी ६०-६० बरोबरी होती. रेषेबाहेरून चेंडू आत टाकणाऱ्या गड्याकडे आमच्या एकाचंही लक्ष नव्हतं. त्याने चेंडू दिला, आत घुसला, परत घेतला आणि घातला. ६२-६०. घड्याळात एक सेकंदही उरला नव्हता. "टाकणाऱ्याला धरा!" म्हणून मी वेळेवर ओरडलो होतो, शेजारी साक्षीला आहेत.

आता थोडं गंभीर बोलतो, चालवून घ्या.

कॉलेजच्या खेळात आता उघड पैसा आला आहे. २०२५ च्या जुलैपासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. सगळे खेळ मिळून एका कॉलेजला वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरची मुभा आहे. जोडीला ट्रान्सफर पोर्टल. हंगाम संपला की हजारांवर मुलं त्यात आपलं नाव घालतात आणि जिथे जास्त मिळेल तिथे जातात. लॉकरवरच्या नावाचा रंग वाळेपर्यंत मुलगा दुसऱ्या राज्यात. आमचा प्रशिक्षक मॅट पेंटर २००५ पासून इथेच आहे. तोही पर्ड्यूचाच माजी खेळाडू. तो मुलं मुरवतो. स्मिथ, लॉयर आणि कॉफमन-रेन त्या फेअरली डिकिन्सनच्या रात्रीही संघात होते. देशभर त्यांचं हसं झालं. ते जाऊ शकले असते. गेले नाहीत. पुढच्या वर्षी त्याच मुलांनी आम्हाला अंतिम सामन्यापर्यंत नेलं.

हे सगळं मी एका रविवारी व्हिडिओ कॉलवर आईला समजावत होतो. ती कोथरूडच्या घरात मेथी निवडत बसली होती. "पैशासाठी सोडून जातात गं हल्लीची पोरं. निष्ठा म्हणून काही राहिलीच नाही."

"तिकडे बरं मिळत असेल रे त्यांना," आई म्हणाली. मग एक जुडी संपवून दुसरी सोडता सोडता विचारलं, "तुझं डिसेंबरचं काही ठरलं का?"

तिने टोमणा मारला नव्हता. तिला तो येतच नाही. पण माझंही नाव कधीच पोर्टलमध्ये गेलं होतं, आणि तेव्हा मला कुणी गद्दार म्हटलं नव्हतं. विमानतळावर सोडायला दोन सुमो भरून माणसं आली होती. आईने बेसनाचे लाडू दिले होते, आणि वजन जास्त भरलं म्हणून माझी पुस्तकं काढून ठेवली होती, लाडू नाही. आमचा क्लफही पोर्टलमधूनच आलाय, हे मला फोन ठेवल्यावर आठवलं. आपल्याकडे येतो त्याला संधी हवी असते, आपल्याकडून जातो तो पैशाच्या मागे असतो, असा माझा आजवरचा सोयीचा सिद्धांत. आता जाणाऱ्या पोरांवर मी पूर्वीइतका डाफरत नाही. मात्र जी राहिली, ती मैदानात उतरताना घशाशी जे काही दाटतं, ते जाणकाराला शोभणारं नाही. म्हणून तेवढ्यापुरता मी चष्मा पुसतो.

डिसेंबरचं तिकीट काढलं आहे. बिग टेनचे खरे सामने जानेवारीत रंगतात, हा निव्वळ योगायोग.

तर आता भाकीत. स्मिथ हर्लीचा विक्रम मोडेल. रटगर्सला आम्ही हरवू, पण माझा रक्तदाब वाढवून. आणि अंतिम फेरी ४ व ६ एप्रिलला इंडियानापोलिसला आहे, माझ्या घरापासून तासाभरावर. मुलं वयात आलेली, वर्षअखेर हातची जाणार, कार्यालय घराजवळ मिळालेलं. यंदा कर्तव्य आहे म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? विजेतेपदाबद्दल मात्र मी अक्षर काढणार नाही. पंधराव्या-सोळाव्या मानांकनाचे लोक कान देऊन बसलेले असतात.

वाचकांना एकच विनंती. आपण एडिसन, पिस्कॅटवे किंवा जर्सी सिटी परिसरात राहत असाल, तर मार्च महिन्यात आमच्यासाठी प्रार्थना वगैरे काही करू नका. आपला लोभ आहे, तो एप्रिलनंतरही राहील.