फाशी नको म्हणून चालतोय व्हय?

मिरच्यांची देठं काढता काढता अक्कांचा हात थांबला.

"फाशी नको म्हणून चालत्यात? चालत?"

पुण्यात वकिली शिकणारा माझा पुतण्या दोन दिवस राहायला आला होता. रात्री जेवताना त्यानं अमेरिकेतल्या या चालणाऱ्यांचं पुराण लावलं होतं आणि सकाळी ते मी भिंतीपलीकडे अक्कांच्या कानावर घातलं. रॅप गाणारा एक जण 2006 साली न्यू जर्सीहून निघाला तो 1700 मैल तुडवत टेक्सासला पोचला. कोल्हापुरातनं निघून दिल्ली गाठावी आणि अर्ध्या वाटेपर्यंत माघारी यावं, एवढी ती चाल. टेक्सास का, तर तिकडं तेव्हा फाशीची शिक्षा सगळ्यांत जास्त.

"आता गं बया! आपल्याकडं लोक फाशी द्या म्हणून चालल्यात. मी सोता चाललो न्हवं का!"

चालल्या होत्या, हे खरं. 13 जुलै 2016 ला कोपर्डीत शाळकरी पोरीवर बलात्कार करून तिला मारलं आणि ऑगस्टपासून जिल्ह्याजिल्ह्यांत मूक मोर्चे निघाले. कोल्हापूरचा 15 ऑक्टोबरला होता. मागण्या बऱ्याच होत्या, आरक्षणाचीही होती, पण अक्कांना विचाराल तर त्या एकाच मागणीसाठी चालल्या. गुडघे दुखत असताना, तोंडातून शब्द न काढता. अक्का इतका वेळ गप्प राहिल्या, याचंच आमच्या गल्लीला जास्त नवल. पुढच्या वर्षी 29 नोव्हेंबरला तिन्ही आरोपींना फाशी सुनावली, तेव्हा त्यांनी गल्लीत साखर वाटली होती.

"मग झाली का फाशी?" मी विचारलं.

"तेच की. कुठं झाली?"

अपील हायकोर्टात पडून असतानाच मुख्य आरोपीनं 2023 मध्ये येरवड्याच्या तुरुंगात जीव दिला.

तसं कोल्हापूरला चालायचं शिकवायला नको. चैत्रात जोतिबाचा डोंगर, आषाढात पंढरपूर, पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चिखल तुडवत. आमच्या कॉम्रेड गोविंद पानसरे अण्णांना फेब्रुवारी 2015 मध्ये सकाळच्या फिरण्यातच गोळ्या घातल्या, तर माणसं दर महिन्याच्या वीस तारखेला निर्भय मॉर्निंग वॉक काढू लागली. पाय आहेत, कारणंही सापडतात. पण फाशी नको म्हणून या गावातनं कोण निघेल?

"निघूच दे कोण तरी," अक्का म्हणाल्या. "ती गावितीण इसरली काय?"

गावितीण म्हटलं, की पन्नाशीपुढच्या कोल्हापूरकरणीचा हात अजून आपोआप पोराच्या दंडाकडे जातो. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका आणि सीमा. जत्रेत, देवळात पाकिटं मारायची, गळ्यातले दागिने ओढायचे आणि सापडलंच तर कडेवरचं पोर पुढं करायचं. पोरं पळवून आणलेली. त्यातल्या एकाला आपल्या अंबाबाईच्या देवळातच, लोकांचं लक्ष वळावं म्हणून, अंजनाबाईनं जमिनीवर आपटलं. 1996 मध्ये तिघी सापडल्या. तेरा मुलं पळवल्याचा आणि नऊ मारल्याचा आरोप होता. अंजनाबाई तुरुंगातच मेली. मुलींना जून 2001 मध्ये इथल्याच सेशन कोर्टानं फाशी सुनावली, 2006 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. मग दयेचा अर्ज. ती फाईल जवळजवळ आठ वर्षं या टेबलावरनं त्या टेबलावर फिरत राहिली. 2014 मध्ये राष्ट्रपतींनी अर्ज फेटाळला, आणि जानेवारी 2022 मध्ये हायकोर्टानं या दिरंगाईवर बोट ठेवून फाशीची जन्मठेप केली. सोडा म्हणाल्या होत्या दोघी, ते मात्र कोर्टानं ऐकलं नाही.

"एवढी वर्सं?" अक्कांनी मिरची आपटली. "माझ्या नातवाचं डोमिसाईल लवकर मिळालं गं."

माझं मत विचाराल, तर फाशी असावी की नसावी यावर मी अजून कुंपणावरच बसलेली आहे. पण रोज उद्या, रोज उद्या असं कुणाला आठ वर्षं ताटकळत ठेवणं, ती बाई कितीही नीच असली तरी, हा न्याय नव्हे. हे अक्कांना सांगितलं असतं तर त्यांनी सूप माझ्या डोक्यात घातलं असतं. म्हणून मी पुतण्यानं सांगितलेली दुसरी गोष्ट काढली.

इंडियाना राज्यात बिल पेल्के म्हणून एक माणूस. 1985 मध्ये त्याच्या आजीला चार शाळकरी पोरींनी तिच्याच घरात भोसकून मारलं. बायबल शिकवायची म्हातारी. म्होरकी पंधरा वर्षांची, पॉला कूपर. तिला विजेच्या खुर्चीची शिक्षा झाली. पहिल्यांदा याला ते ठीकच वाटलं. पुढं त्याला वाटू लागलं, आजीला हे चाललं नसतं. मग तो त्या पोरीला वाचवायच्या मागं लागला. इटलीत सह्या गोळा झाल्या, पोपनी विनंती केली, 1989 मध्ये फाशी टळली. पुढच्या वर्षी तो फ्लोरिडाच्या मृत्युदंडाच्या तुरुंगापासून अटलांटापर्यंत दोन आठवडे इतरांबरोबर चालला. ज्यांच्या घरातलं माणूस मारलं गेलं त्यांनीच गावोगाव जाऊन फाशी नको म्हणायचं, अशी यात्रा पुढं त्यानं उभी केली.

अक्का बराच वेळ देठंच काढत बसल्या. मग म्हणाल्या, "त्याचं मी ऐकीन. त्याची आजी हुती. तुझ्या पुतण्याची कोण गेलीया?"

"बाबासाहेबांचं कोण गेलं होतं?" हेही पुतण्याचंच. 3 जून 1949 ला घटना समितीत त्यांनी सांगितलं होतं, की फाशीच रद्द करावी हे आपल्याला जास्त पटतं. हा देश अहिंसा मानतो म्हणतो ना. दीडच वर्षानं, ते हयात असतानाच, बिंदू चौकात त्यांचा पुतळा बसला. शेजारीच तुरुंग.

"पुतळ्याफुडनं रोज जातो मी. हे न्हवतं म्हाईत." अक्का क्षणभर नरमल्या, पण क्षणभरच. "तरी बी सांगतो. त्या पोरांच्या आया कोण हुत्या? कुणी भिकारीण, कुणी फुटपाथवर झोपणारी. पोर हरवलं म्हणून चौकीत गेली तर तिला कोण बस म्हणतंय? सरकार म्हणालं फाशी, कोर्ट म्हणालं जन्मठेप. तिला इचारलं कुणी? तुझ्या पुतण्याला म्हणावं, चाल की, बिंदू चौकातनंच सुटायचं. पर आधी त्यातली एक आई हुडकून काढ. ती म्हणाली नको, तर मी बी येतो संगं."

"आणि ती म्हणाली द्या फाशी, तर?"

"तर बी त्यानं चालावं. पर तिला तोंडावर सांगून." अक्कांनी सूप उचललं. "सर बाजूला, खाट मिरचीचा हाय, डोळ्यात जाईल."

पुतण्याला मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यानं ते मोबाईलमध्ये टिपून घेतलं आणि दुपारच्या शिवशाहीनं पुण्याला गेला.