व्युत्पत्तीवाले अण्णा

आमच्या सोसायटीत नवी गाडी घेणाऱ्याला दोन दिव्यं पार पाडावी लागतात. एक पार्किंगची जागा, दुसरं अण्णा.

अण्णा बँकेतून निवृत्त झाले आणि खात्यांची छाननी सुटली, तशी शब्दांची सुरू झाली. लग्न जुळवणाऱ्या मामासारखे ते दिसेल त्या इंग्रजी शब्दाचं कूळ-गोत्र काढतात. त्यातही जोडविशेषणांवर डोळा जास्त. कुणाच्या तोंडून 'शेमफेस्ड' निघालं की संपलंच. "चेहऱ्याचा काय संबंध? मूळ शब्द शेमफास्ट. लाजेनं घट्ट बांधलेला. चेहरा लोकांनी मागाहून चिकटवला!" लाजलेला माणूस तोवर जिन्यात गडप झालेला असतो.

परवा शेजारच्या मुलानं गाडी आणली. हार, नारळ, चाकांखाली लिंबं, हातात पेढ्यांचा खोका. "अण्णा, एकदम ब्रँड न्यू!" एवढंच तो बोलला.

"कुठला ब्रँड?"

त्यानं भाबडेपणानं कंपनीचं नाव सांगितलं. अण्णांना हेच हवं होतं.

"कंपनी इथं नाहीच रे! जुन्या इंग्रजीत ब्रँड म्हणजे जळतं लाकूड, आग. ब्रँड न्यू म्हणजे भट्टीतून नुकतंच निघालेलं. सोळाव्या शतकातलं विशेषण आहे. शेक्सपिअर तर सरळ 'फायर न्यू' म्हणतो, 'रिचर्ड द थर्ड' काढून बघ. पुढं तापल्या लोखंडानं गुरांना, पिंपांना डाग द्यायचे, तो डाग म्हणजे ब्रँड. त्यावरून मालाची खूण. तुझी कंपनी या रांगेत सगळ्यात शेवटी उभी. आणि ब्रँडीसुद्धा याच घराण्यातली. डच लोकांची 'जाळलेली', म्हणजे ऊर्ध्वपातन केलेली वाइन."

ब्रँडी ऐकून दोघं-तिघं पुढं सरकले. ऊर्ध्वपातन ऐकून मागं गेले.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले, "गाडी पॉश आहे हं! पॉश कुठून आलं, माहितीय? विलायतेहून मुंबईला येणारे साहेब बोटीत सावलीची खोली घ्यायचे. येताना डावीकडची, परतताना उजवीकडची. 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'. जोडा पहिली अक्षरं!"

वाहवा झाली. काकांना दुसरा पेढा मिळाला.

"तसा शिक्का मारलेलं एकसुद्धा तिकीट आजवर सापडलेलं नाही!" अण्णा ओरडले. पण सगळे मनानं बोटीत बसले होते. अण्णांची अडचण हीच, की त्यांची व्युत्पत्ती खरी असते. त्यामुळे तिच्यात बोट नसते, साहेब नसतो, सावलीही नसते.

मुलानं बिचाऱ्यानं खोका त्यांच्यापुढं धरला. हलवायाकडून थेट आणलेले पेढे अजून कोमट होते. अण्णांनी एक उचलून बोटांनी चाचपला आणि तोंडात टाकला.

"हा खरा ब्रँड न्यू," ते म्हणाले. "गाडी काय, तीन महिने यार्डात उभी असेल."